अतिमानवाला मारले कोणी?

वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला शिकवताना एक वाक्य मी गेली कित्येक वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे : 'ग्राहक हा बाजारपेठेचा राजा असतो.' विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत जसेच्या तसे लिहितात आणि मीही त्यावर मुकाट्याने गुण देतो. या वाक्याविषयी मला कधी शंका आली नव्हती. ती शंका माझ्या भाच्याने घरात आणली, आणि तीही एका आंधळ्या वकिलाच्या निमित्ताने.

गोष्ट २०१८ सालची. भाचा त्या वेळी शिक्षणासाठी आमच्याकडे बेळगावात राहत होता. रात्रीचा अभ्यास आटोपला की तो नेटफ्लिक्सवर 'डेअरडेव्हिल' नावाची अमेरिकन मालिका पाहत बसे. सुरुवातीला मी दारातूनच डोकावून 'पुरे आता, झोप' एवढे म्हणून जात असे. पुढे पुढे खुर्ची ओढून बसू लागलो, हे कबूल केले पाहिजे. न्यूयॉर्कमधील हेल्स किचन या वस्तीत मॅट मर्डॉक नावाचा आंधळा वकील दिवसा गरिबांचे खटले लढवतो आणि रात्री मुखवटा चढवून गुंडांशी दोन हात करतो. तो आकाशात उडत नाही. तो मार खातो, दमतो, भिंतीला टेकून श्वास घेतो आणि पाद्र्यापुढे बसून स्वतःच्याच रागाची कबुली देतो. सुपरहिरो म्हणजे पोरांचा खेळ, अशी माझी समजूत होती. ती या मालिकेने पुसून टाकली.

मालिकेचे तिसरे पर्व १९ ऑक्टोबर २०१८ रोजी आले. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मामा-भाच्यांनी ते पाहून संपवले. आणि २९ नोव्हेंबरला बातमी आली की मालिका बंद झाली. सहा आठवडेही झाले नव्हते. भाच्याने वर्तमानपत्र बाजूला ठेवून मला विचारले, "मामा, लोक बघत होते, समीक्षकांनी नावाजली होती. मग बंद का केली? तुम्हीच शिकवता ना, ग्राहक राजा असतो म्हणून?"

मी त्या वेळी काहीतरी थातुरमातुर उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण शिक्षकाने एकदा उत्तर टाळले की तो प्रश्न त्याच्या मानगुटीवर बसतो. गेल्या काही वर्षांत अशाच आणखी मालिका बंद पडताना पाहिल्या, त्यांचे हिशेब जमतील तसे वाचले, आणि आज जे मत बनले आहे ते या अंकाच्या वाचकांपुढे ठेवतो. ते थोडक्यात असे : दूरचित्रवाणीवरील सुपरहिरोचे जगणे-मरणे आता खलनायक ठरवत नाही, लेखक ठरवत नाही आणि प्रेक्षकही ठरवत नाही. मालिकेच्या मालकाचा धंदा त्या घडीला कोणत्या वळणावर आहे, यावर ते ठरते. प्रेक्षकांची आवड ही त्या हिशेबातील अनेक रकमांपैकी फक्त एक रक्कम आहे, आणि कधी कधी ती खर्चाच्या बाजूला लिहिली जाते.

हे विधान धाडसी वाटेल. म्हणून आधी जुना हिशेब पाहू.

जुन्या दूरचित्रवाणीचा व्यवहार सरळ होता. कार्यक्रम फुकट दाखवायचा, मध्ये जाहिराती घालायच्या आणि जितके अधिक डोळे तितका जाहिरातीचा दर अधिक. अमेरिकेत १९६६ ते १९६८ या काळात एबीसी वाहिनीवर चाललेल्या 'बॅटमॅन'चे १२० भाग झाले. लोक पाहत होते तोवर ती चालली आणि प्रेक्षक घटले तशी थांबली. 'वंडर वुमन' १९७५ साली एबीसीवर सुरू झाली आणि १९७७ साली सीबीएस या दुसऱ्या वाहिनीने तिला आपल्याकडे घेतले. एका दुकानाने नको म्हटलेला माल दुसरे दुकान उचलत असे. आपल्याकडेही १९९७ साली दूरदर्शनवर आलेला 'शक्तिमान' २००५ पर्यंत टिकला. शिवाय अमेरिकेत मालिकेचे शंभराच्या आसपास भाग झाले की ती इतर केंद्रांना पुन्हा विकता येई, आणि खरा नफा तिथे असे. म्हणजे मालिका लांबावी यातच निर्मात्याचे हित होते. 'अ‍ॅरो' ही मालिका २०१२ पासून आठ पर्वे चालून १७० भागांवर थांबली, आणि 'द फ्लॅश' २०१४ ते २०२३ अशी नऊ पर्वे चालून १८४ भागांवर.

या व्यवस्थेत प्रेक्षक राजा होता असे म्हणता येणार नाही. राजा जाहिरातदार होता. पण निदान त्या राजाला प्रेक्षकांची गरज होती, दर आठवड्याला होती.

स्ट्रीमिंग सेवेचा हिशेब मुळातच वेगळा. तिथे दर महिन्याची वर्गणी. निव्वळ वर्गणीवरच्या योजनेत एकदा ती भरली की तुम्ही दहा तास पाहा नाहीतर शंभर तास, कंपनीच्या तिजोरीत एक पैसा अधिक पडत नाही. त्यामुळे एखाद्या मालिकेची स्वतःची अशी मिळकत नसते. तिच्या नावावर दोनच गोष्टी जमा करता येतात. तिच्यामुळे नवे वर्गणीदार किती आले, आणि तिच्यामुळे जुने किती टिकले.

आता इथेच घोडे पेंड खाते. पहिले पर्व नवे असते, त्याचा गाजावाजा होतो, चार नवी माणसे वर्गणी भरतात. तिसऱ्या पर्वापर्यंत ज्यांना ती मालिका आवडते ते सारे आधीच वर्गणीदार झालेले असतात. चौथे पर्व काढले तर ते खूश होतील हे खरे, पण नवे येणार किती? उलट नटांचे आणि लेखकांचे मानधन पर्वागणिक वाढत जाते. आमदनी अठ्ठन्नी आणि खर्चा रुपय्या! मग हिशेबनीस म्हणतो, याच पैशात दुसरी नवी मालिका काढू, पुन्हा नवी माणसे येतील. समजा, एखादे मासिक क्रमशः कादंबरी छापते आहे. संपादकाच्या ध्यानात येते की कादंबरीचे सगळे चाहते वर्षाची वर्गणी भरून मोकळे झाले आहेत. तेव्हा तो ती मध्येच थांबवतो आणि पुढच्या अंकापासून दुसरी सुरू करतो. आपल्याकडे असे करणाऱ्या संपादकाच्या दारात वाचक जाऊन बसले असते. स्ट्रीमिंगमध्ये याला धोरण म्हणतात.

पण 'डेअरडेव्हिल'चे मरण एवढ्याने उलगडत नाही. तिथे मालकीचा प्रश्न होता.

डिस्नेने २००९ साली मार्व्हल ही कॉमिक्सची कंपनी विकत घेतली. पुढे नोव्हेंबर २०१३ मध्ये डिस्ने आणि नेटफ्लिक्स यांच्यात करार जाहीर झाला. चार नायकांच्या चार मालिका काढायच्या आणि शेवटी चौघांना एकत्र आणणारी पाचवी. नेटफ्लिक्सने स्वतःच्या मालिका काढण्यास तेव्हा नुकतीच सुरुवात केली होती. तिला नाव असलेला माल हवा होता. डिस्नेकडे चित्रपटांत वापरली न जाणारी पात्रे पडून होती. सौदा दोघांच्याही सोयीचा होता. त्यातून २०१५ ते २०१९ या काळात 'डेअरडेव्हिल', 'जेसिका जोन्स', 'ल्यूक केज', 'आयर्न फिस्ट', 'द डिफेंडर्स' आणि नंतर जोडलेली 'द पनिशर' अशा सहा मालिकांचे मिळून १६१ भाग तयार झाले.

यात पात्रे मार्व्हलची, निर्मिती मार्व्हलची आणि पैसा नेटफ्लिक्सचा होता. भाड्याच्या घराला भाडेकरूने स्वतःच्या खर्चाने रंग द्यावा, अंगणात आंबा लावावा, तसा हा प्रकार. घरमालकाला ते घर नको आहे तोवर ठीक चालते. ऑगस्ट २०१७ मध्ये घरमालकाने जाहीर केले की तो स्वतःच आता या धंद्यात उतरणार. डिस्नेची स्वतःची स्ट्रीमिंग सेवा येणार होती. त्या क्षणापासून 'डेअरडेव्हिल'चा प्रत्येक नवा भाग म्हणजे नेटफ्लिक्सच्या पैशाने होणारी प्रतिस्पर्ध्याच्या पात्राची जाहिरात झाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये 'आयर्न फिस्ट' आणि 'ल्यूक केज' गेल्या, नोव्हेंबरमध्ये 'डेअरडेव्हिल' गेली, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये 'द पनिशर' आणि 'जेसिका जोन्स' यांचाही निकाल लागला.

मी कोणाच्या मनात शिरून पाहिलेले नाही. 'आयर्न फिस्ट'वर समीक्षकांनी कडक टीका केली होती, तेव्हा ती तिच्या गुणांनी गेली असे कोणी म्हणेल. पण बऱ्या, वाईट आणि उत्तम अशा पाचही मालिका पाच महिन्यांत एकाच वाटेने जाव्यात, हा गुणवत्तेचा निकाल कसा म्हणायचा? परीक्षेत पहिला आलेला आणि नापास झालेला अशा दोघांचीही नावे एकाच दिवशी हजेरीपटावरून कापली, तर कारण उत्तरपत्रिकेत शोधायचे नसते. ते कार्यालयात शोधायचे असते.

पुढची कथा तर मालिकेच्या कथेहून चमत्कारिक आहे. मालिका बंद झाल्यावर दोन वर्षे ही पात्रे दुसरीकडे वापरायची नाहीत, अशी अट करारात असल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. चाहत्यांनी 'डेअरडेव्हिल वाचवा' अशी मोहीम चालवली. डिसेंबर २०२१ मध्ये स्पायडरमॅनच्या एका चित्रपटात तोच नट, चार्ली कॉक्स, तोच आंधळा वकील होऊन दोन मिनिटांसाठी अवतरला. १ मार्च २०२२ रोजी जुन्या मालिका नेटफ्लिक्सवरून गेल्या आणि त्याच महिन्यात अमेरिकेत डिस्नेच्या सेवेवर आल्या. आणि ४ मार्च २०२५ रोजी 'डेअरडेव्हिल : बॉर्न अगेन' ही नवी मालिका सुरू झाली. तिचाही प्रवास सुखाचा नव्हता. २०२२ मध्ये अठरा भागांचे पर्व जाहीर झाले होते. २०२३ मध्ये अर्धवट चित्रीकरण झालेले असताना तिचे प्रमुख लेखक बदलले, रचना बदलली, आणि पहिले पर्व नऊ भागांचे निघाले. आधी वगळलेले जुने सोबती या बदलातच परत आणले गेले. पर्वापासून पर्वापर्यंत सहा वर्षांहून अधिक काळ गेला. त्या काळात हा नायक ना मेला होता, ना जिवंत होता. तो दोन कंपन्यांच्या वह्यांमध्ये अडकून पडला होता.

एका उदाहरणावरून सिद्धांत मांडू नये, हे मी विद्यार्थ्यांना सांगतो. म्हणून दुसरे घेतो, जिथे पात्र आणि पैसा दोन्ही एकाच घरातले होते.

बॅटमॅन-सुपरमॅन यांचे घराणे म्हणजे डीसी, आणि तिचे मालक वॉर्नर. १५ सप्टेंबर २०१८ रोजी त्यांनी केवळ डीसीच्या चाहत्यांसाठी 'डीसी युनिव्हर्स' नावाची स्वतंत्र सेवा सुरू केली. पण त्याच वर्षी जूनमध्ये वॉर्नरचे मूळ घराणे टेलिफोन कंपनी एटी अँड टीने विकत घेतले होते, आणि नव्या मालकाने ऑक्टोबरमध्येच एका मोठ्या, सर्वसमावेशक सेवेची घोषणा केली. म्हणजे बाळाच्या बारशाच्या महिन्यातच त्याला दत्तक देण्याची बोलणी सुरू झाली. या छोट्या सेवेसाठी 'स्वॅम्प थिंग' ही मालिका तयार होत होती. ठरलेले तेरा भाग चित्रीकरण चालू असतानाच दहावर आणले गेले. ३१ मे २०१९ रोजी पहिला भाग प्रसिद्ध झाला आणि आठवड्याच्या आत मालिका रद्द झाल्याची बातमी आली. एका भागावरून लोकांनी नाकारली असे तर कोणी म्हणू शकणार नाही, कारण लोकांनी अजून ती पाहिलीच नव्हती!

गंमत पुढे आहे. २०२० साली महामारीमुळे चित्रीकरणे बंद पडली, सीडब्ल्यू या वाहिनीला दाखवायला नवे काही उरले नाही, तेव्हा हीच मेलेली मालिका शोधून काढून दाखवली गेली. 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण आपण ऐकली आहे. इथे गरज पडताच वैद्याला स्मशानातून बोलावून आणले.

आता त्या सीडब्ल्यू वाहिनीचे. वर ज्या 'अ‍ॅरो' आणि 'फ्लॅश' यांच्या दीर्घायुष्याचा मी उल्लेख केला, त्या याच वाहिनीवरच्या. त्यांच्या दीर्घायुष्यामागे जाहिराती होत्याच, पण २०११ पासून नेटफ्लिक्सला होणारी विक्रीही होती. वाहिनी स्वतः तोट्यात चालली तरी तिच्या मालिका बाहेर विकून वॉर्नर आणि सीबीएस या दोन्ही मालकांचे भागत असे. २०१९ मध्ये तो करार संपला, कारण दोन्ही मालकांना आपापल्या स्ट्रीमिंग सेवांसाठी माल घरातच ठेवायचा होता. २०२२ मध्ये वाहिनीचा ७५ टक्के हिस्सा नेक्सस्टार या कंपनीकडे गेला. त्याच वर्षी 'बॅटवुमन' आणि 'लेजंड्स ऑफ टुमॉरो' बंद झाल्या, आणि २ डिसेंबर २०२४ रोजी 'सुपरमॅन अँड लोइस'च्या अखेरच्या भागाबरोबर त्या वाहिनीवरचे डीसीचे युग संपले. म्हणजे स्ट्रीमिंगच्या पैशावर एक वंश वाढला आणि तो पैसा दुसरीकडे वळताच खुंटला.

या साऱ्या धोरणांच्या मुळाशी कोण बसले आहे? मला सापडलेले उत्तर असे : शेअर बाजार. सुमारे दहा वर्षे गुंतवणूकदार या कंपन्यांना एकच प्रश्न विचारत होते, वर्गणीदार किती वाढले? नफ्याचे नंतर पाहू. म्हणून मालिकांचा पूर आला. डिस्नेने डिसेंबर २०२० मध्ये मार्व्हलच्या सुमारे दहा मालिका पुढील काही वर्षांत काढण्याचे जाहीर केले आणि एकट्या २०२१ मध्ये पाच मालिका आल्या. मग एप्रिल २०२२ मध्ये नेटफ्लिक्सने तिमाहीत दोन लाख वर्गणीदार घटल्याचे सांगितले आणि एका दिवसात तिचा शेअर सुमारे ३५ टक्क्यांनी कोसळला. त्या दिवसापासून प्रश्न बदलला. आता विचारू लागले, नफा कुठे आहे? त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्नेने आपल्या स्ट्रीमिंग व्यवसायाचा एका तिमाहीचा तोटा १.४७ अब्ज डॉलर असल्याचे जाहीर केले, आणि काही दिवसांतच कंपनीचा प्रमुख बदलला. परत आलेले बॉब आयगर यांनी मे २०२४ मध्ये सांगितले की मार्व्हलच्या मालिका वर्षाला चारावरून दोनवर आणू. प्रेक्षकांची चव एका वर्षात एवढी बदलली होती काय? बदलला होता तो गुंतवणूकदारांचा प्रश्न.

आमच्या विषयाचा म्हणजे लेखाकर्माचा विद्यार्थी इथे कान टवकारेल अशा दोन घटना सांगतो. ऑगस्ट २०२२ मध्ये वॉर्नरच्या नव्या व्यवस्थापनाने 'बॅटगर्ल' हा स्ट्रीमिंगसाठी केलेला, सुमारे ९ कोटी डॉलर खर्चाचा, जवळजवळ पूर्ण झालेला चित्रपट कायमचा कपाटात बंद केला. विलीनीकरणानंतर असा खर्च एकदम तोट्यात दाखवला की करपात्र नफा कमी होतो. मात्र मग त्या चित्रपटापासून उत्पन्न घेता येत नाही. म्हणजे तो दाखवण्यापेक्षा न दाखवण्यात फायदा निघाला. दुसरी घटना मे २०२३ ची. डिस्नेने आपल्या सेवांवरून अनेक कार्यक्रम काढून टाकले, त्यांत मार्व्हलची 'रनअवेज' ही तीन पर्वांची मालिकाही होती. या साफसफाईपोटी कंपनीने सुमारे दीड अब्ज डॉलरची घट हिशेबात दाखवली. पूर्वी मालिका बंद पडली तर तिचे जुने भाग तरी उरत. आता नायकाबरोबर त्याचे छायाचित्रही भिंतीवरून काढून नेतात.

या मताविरुद्ध बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिले असे की, याच नेटफ्लिक्सने पैसा घातला नसता तर 'डेअरडेव्हिल' जन्मलीच नसती. जाहिरातदारांना सांभाळणाऱ्या वाहिनीने इतकी काळोखी, इतकी संथ आणि पापपुण्याची चर्चा करणारी मालिका दाखवली असती, असे मला वाटत नाही. ज्या धोरणाने मारले त्याच धोरणाने जन्म दिला होता. दुसरे असे की, अनेक मालिका सुमार होत्या आणि त्यांच्या जाण्याने कोणाचे काही बिघडले नाही. पूर ओसरला हे बरेच झाले. तिसरे असे की, चांगली अपवाद उदाहरणेही आहेत. अ‍ॅमेझॉनवर २०१९ साली सुरू झालेली 'द बॉइज' पाचव्या पर्वाने संपेल, हे तिच्या कर्त्याने २०२४ मध्येच, आपल्या मर्जीने सांगितले होते. आणि चौथे असे की, कंपनी म्हणजे धर्मशाळा नव्हे. मी वाणिज्य शिकवतो, नफ्याला नावे ठेवून मला पगार घेता येणार नाही.

हे सगळे मान्य. तरीही माझी एक तक्रार उरतेच. ती मालिका बंद करण्याविषयी नाही. ती शेवटाविषयी आहे.

आमच्या कन्नड विभागातील एका सहकाऱ्यांशी स्टाफरूममध्ये हा विषय निघाला, तेव्हा ते म्हणाले, "आमच्या गावाकडे बयलाट रात्रभर चालतो. समोर दहा माणसे उरोत नाहीतर हजार, मंगल म्हटल्याशिवाय कोणी मुखवटा उतरवत नाही." आमच्या कोकणातल्या दशावताराचीही तीच रीत. दैत्याचा वध अर्धा सोडून मंडळी पेटारे आवरीत नाहीत. यात धंदा नसतो असे नाही. सुपारी घेतलेली असते, पैसे मोजून घेतलेले असतात. पण कथा सुरू केली की ती संपवणे हे समोर बसलेल्याचे देणे आहे, एवढे तिथे सर्वांना ठाऊक असते. प्रेक्षकाने नुसती वर्गणी भरलेली नसते, रात्री जागवलेल्या असतात. ते देणे कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, म्हणून ते नाहीच असे धरून चालण्याची सवय या नव्या धंद्याला लागली आहे. माझे मत विचाराल तर, मालिका बंद करण्याचा अधिकार मालकाला जरूर असावा, पण कराराच्या वेळीच एका समारोपाच्या भागाची तरतूद करून ठेवावी. एका भागाचा खर्च या कंपन्यांना जड नाही. आणि पुढच्या वेळी नव्या मालिकेत मन गुंतवताना हा घरमालक आपल्याला अर्ध्या वाटेत उतरवणार नाही, असा भरवसा ग्राहकाला वाटला, तर त्यात धंद्याचेही हितच आहे. अर्धवट सोडलेल्या कथांनी पोळलेला प्रेक्षक आता म्हणू लागला आहे, 'आधी पूर्ण होऊ द्या, मग पाहू.' तो थांबला की पहिल्या पर्वाचे आकडे पडतात, आणि आकडे पडले की मालिका बंद! असे हे चक्र फिरते आहे.

'डेअरडेव्हिल'च्या लेखकांनी मात्र एक गोष्ट केली होती, जी मला नंतर उमगली. तिसऱ्या पर्वाच्या शेवटी, भांडून विखुरलेले तिघे मित्र पुन्हा एकत्र बसतात आणि एका कागदी रुमालावर आपल्या नव्या वकिली कचेरीचे नाव लिहितात. पुढच्या पर्वासाठी एक धागा मोकळा ठेवलेला आहे, पण कथा तिथेच थांबली तरी ती लंगडी वाटत नाही. उद्या आपल्यातील कोणी लेखनाच्या, चित्रपटाच्या, जाहिरातीच्या क्षेत्रात गेला तर त्याने एवढे तरी शिकून घ्यावे. दार कधी बंद होईल ते आपल्या हाती नाही. आपल्या वाट्याचे काम प्रत्येक वेळी पुरे करून ठेवणे आपल्या हाती आहे.

भाचा आता नोकरीला लागला आहे. २०२५ च्या मार्चमध्ये एका रात्री त्याचा फोन आला. "मामा, परत आला बघा!" कोण परत आला हे विचारावे लागले नाही. मी म्हटले, "पाहू, पण या वेळी किती दिवस राहतो कोण जाणे." तो हसला, आणि मग मला पूर्वीचाच प्रश्न आठवला.

त्याचे उत्तर मी आता वर्गात देतो. 'ग्राहक हा राजा असतो' हे वाक्य फळ्यावर लिहितो, पण पूर्णविराम देत नाही. खाली तीन प्रश्न लिहितो. कोणता ग्राहक, जो आधीच आत आला आहे तो, की जो अजून यायचा आहे तो? वस्तूची मालकी कोणाची? आणि मालकाला या वर्षी कोणी कोणता प्रश्न विचारला आहे? विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात. परीक्षेत बहुतेक जण अजूनही पहिले वाक्यच लिहितात. गेल्या वर्षी एका मुलीने तिन्ही प्रश्न लिहून चौथा स्वतःचा घातला : 'आणि सर, जे ग्राहक अर्ध्या वाटेत राहिले त्यांचे काय?' त्या उत्तराला किती गुण द्यावेत ते मला बराच वेळ ठरवता आले नाही. शेवटी पैकीच्या पैकी दिले.